आमच्या परसांतील हौद

आमच्या घराच्या मागील अंगणांत एक जुना हौद आहे. माझे वडीलहि साताऱ्यांतच शिक्षक होते. त्यांनीं हें घर घेतलें तेव्हां नळाला दिवसांतून एकदांच, तेंहि भल्या पहाटे, पाणी येत असे; म्हणून त्यांनीं गवंड्याकडून हा हौद बांधून घेतला. त्याची लांबी आठ फूट, रुंदी पांच फूट व खोली अडीच फूट. माझ्या आईनें त्याच्या कडेला बसून तीस वर्षें धुणें धुतलें. पुढें गच्चीवर टांकी आली, आई प्रभूघरीं गेली, आणि हौद कोरडा पडला. फुटक्या कुंड्या, मोडकी सायकल, जुन्या वहाणा असें सर्व टाकाऊ सामान त्यांत सांठूं लागलें. या हौदानें चाळिशी ओलांडल्यावर मला एक धडा शिकविला, तो आज आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगण्याचें मीं ठरविलें आहे. हा धडा माझ्या स्वतःच्या चुकीचा आहे. आणि शिक्षकाची चूक वाचावयास विद्यार्थ्यांना फार आवडतें, हें मी स्वतः विद्यार्थी असल्यापासून जाणून आहें.

२०२० सालच्या उन्हाळ्यांत कोरोनाच्या सांथीमुळें शाळा बंद होत्या व आम्ही सर्व घरांत अडकून पडलों होतों. माझी मुलगी त्या वेळीं नऊ वर्षांची होती. तिनें एके दिवशीं सहज विचारलें, "बाबा, या हौदांत आपण मासे कां ठेवूं नयेत?" वेळ भरपूर होता. आम्हीं चार दिवस खपून हौद साफ केला, भेगा सिमेंटनें बुजविल्या, दोन वेळां पाणी भरून सोडून दिलें, कारण नव्या सिमेंटांतील चुना माशांना बाधतो. मग तळाशीं दोन घमेलीं नदीची माती पसरली, कुमुदिनीचा एक कांदा कुंडीसकट बुडविला, आणि पाणी भरलें. मासे आम्हांला विकत घ्यावे लागले नाहींत. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून आरोग्य खात्याची माणसें गप्पी मासे लोकांना फुकट देतात, ते आम्हीं एका बरणींतून आणून सोडले.

शेजारच्या आजींना हा उद्योग मुळींच पसंत पडला नाहीं. आदल्याच वर्षीं त्यांच्या नातवाला डेंग्यू होऊन तो आठ दिवस रुग्णालयांत पडला होता. त्या कुंपणावरून म्हणाल्या, "मास्तर, सांचलेलं पाणी घरांत कोणी मुद्दाम आणतं काय?" त्यांचें भय खोटें नव्हतें. मीं त्यांना शब्द दिला कीं, हौदांत डासाची एक जरी अळी दिसली, तरी त्याच दिवशीं मी तो मातीनें भरून टाकीन. तेव्हांपासून रोज सकाळीं हौदावर जाऊन पाणी पाहणें हा माझा नियमच होऊन बसला.

पाणी भरून तीन आठवडे झाले नाहींत तोंच पाहुणे येऊं लागले. प्रथम आली ती एक पिवळी टाचणी. अंग काडीसारखें बारीक, रंग हळदीसारखा, आणि चाल अशी कीं जणूं वाऱ्याची परवानगी घेऊनच ती पुढें सरकते. तिच्या मागोमाग चतुर आले. एक लाल भडक, एक हिरव्या-काळ्या पट्ट्यांचा. या कीटकांना पाण्याचा पत्ता कोण सांगतो? पाण्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश एका विशिष्ट पातळींत कंप पावतो. तो भेद आपल्या डोळ्यांना कळत नाहीं, परंतु चतुराच्या डोळ्यांना कळतो, व त्या खुणेनें तो पाणी हुडकून काढतो. म्हणूनच कधीं कधीं त्याची फसगतहि होते. आमच्या गल्लींत उभ्या असलेल्या एका लाल मोटारीच्या चकचकीत टपावर चतुराची मादी पुनः पुनः शेपटीचें टोंक टेकवितांना मीं पाहिली आहे. बिचारी आपलीं अंडीं तापलेल्या पत्र्यावर घालीत होती.

चतुर व टाचणी हे एकाच गणांतील असले, तरी त्यांना ओळखण्यास फारशी विद्वत्ता लागत नाहीं. चतुर बसला म्हणजे चारी पंख दोहों बाजूंस आडवे पसरून ठेवितो. टाचणी बहुधा ते पाठीवर मिटून घेते. चतुराचे डोळे बहुतेक जातींत डोक्यावर एकमेकांस भिडलेले असतात. टाचणीचे डोळे डोक्याच्या दोन टोंकांना, एकमेकांपासून दूर असतात. चतुराचे मागील पंख पुढील पंखांहून बुडाशीं रुंद असतात. टाचणीचे चारी पंख जवळजवळ सारखे. मोठ्या चतुराच्या एकेका डोळ्यांत सुमारें ३० हजारांपर्यंत लहान लहान भिंगें असतात, त्यामुळें पुढचें, बाजूचें व वरचें त्याला एकाच वेळीं दिसतें. चारी पंख तो स्वतंत्रपणें हालवूं शकतो. म्हणून तो हवेंत एके ठिकाणीं स्थिर राहतो, गर्रकन् वळतो, व वेळ पडल्यास मागेंहि सरकतो. सहा पायांची तो टोपली करितो आणि उडतां उडतांच डास-माश्या तींत पकडतो. शास्त्रज्ञांनीं प्रयोग करून पाहिलें, तेव्हां शंभर झडपांपैकीं नव्वदांहून अधिक यशस्वी झाल्याचें त्यांना आढळलें. वाघालाहि इतकें यश लाभत नाहीं.

हें सर्व मीं पुस्तकांतून जमा केलें आणि मुलीला मोठ्या ऐटीनें सांगितलें. लहानपणीं मी व माझे सोबती चतुराच्या शेपटीला दोरा बांधून त्याला पतंगासारखे उडवीत असूं. तें मात्र सांगितलें नाहीं. तिला सांगावयाचें राहिलें तें येथें लिहितों. दोऱ्याला बांधलेला चतुर आमच्या हातीं घटकाभराहून अधिक जगत नसे, आणि तो मेला म्हणजे आम्ही दुसरा पकडीत असूं.

आतां मूळ गोष्टीकडे येतों. २०२३ सालच्या मार्च महिन्यांत माझ्या मुलीनें तक्रार केली कीं, गप्पी माशांचीं पिलें दिसेनाशीं झालीं आहेत. गप्पी मासा अंडीं घालीत नाहीं, जिवंत पिलांना जन्म देतो. आदल्या आठवड्यांत तिनें मोजलेलीं तीस-पस्तीस पिलें आतां पांच-सहाच उरलीं होतीं. रविवारची उपासना आटोपून आल्यावर मीं बाह्या सारल्या व चाळणीनें हौदाचा तळ ढवळला. चाळणींत गाळाबरोबर कांहीं विचित्र प्राणी आले. अर्धा-पाऊण इंच लांब, मातकट, केंसाळ, सहा पायांचे, डोळे बटबटीत, चेहऱ्यावर जणूं मुसकें बांधलेलें. असा कुरूप जीव मीं हौदांत पूर्वीं पाहिला नव्हता. त्यांपैकीं एकाच्या तोंडांत गप्पीचें पिलूं होतें. मग काय विचारतां! मीं चाळणीमागून चाळणी काढली आणि ते किडे मागच्या अंगणांतील तापलेल्या शहाबादी फरशीवर आपटले. चाळीस तरी असतील. ते कांहीं वेळ पाय हालवीत व मग निश्चळ होत. मुलगी पलीकडे उभी राहून पाहत होती, आणि मी तिला सांगत होतों कीं, दुर्बळांचें रक्षण करावयाचें असेल तर मन घट्ट करावें लागतें.

इतक्यांत मागच्या फाटकाशीं कोणी तरी खांकरलें. आमच्या नववीच्या वर्गांतला एक मुलगा राहिलेली वही दाखविण्यासाठीं आला होता. त्याचें नांव मी येथें देत नाहीं. हा मुलगा शेवटच्या बाकावर, खिडकीपाशीं बसे. त्याचे वडील गांवापासून पांच-सहा मैलांवरील एका धरणाच्या जलाशयांत मासेमारी करितात. वर्गांत त्याचें लक्ष नसे. प्रश्न विचारला तर तो उभा राहून खालीं पाही. पंधरा दिवसांपूर्वीं पालकसभेंत मीं त्याच्या वडिलांना, तो शेजारीं उभा असतांना, स्पष्ट सांगितलें होतें, "याचें लक्ष सारा वेळ खिडकीबाहेर असतें. याला शाळेंत ठेवून तुमचा पैसा व याचा वेळ दोन्ही फुकट जात आहेत." वडिलांनीं मान हालविली होती व मुलाला घेऊन ते निघून गेले होते. मला त्या दिवशीं आपण कर्तव्य केलें असें वाटलें होतें.

तो मुलगा फरशीकडे पाहत राहिला. मग वही खालीं ठेवून तो उकिडवा बसला आणि ज्यांचे पाय अद्याप हालत होते ते किडे एकेक उचलून पाण्यांत सोडूं लागला. तो म्हणाला, "सर, मारू नगा त्यास्नी. चतुराची पिल्लं हायती ही. ह्यास्नीच पंख फुटत्यात."

वाचकहो, मी विज्ञानाचा पदवीधर आहें. त्याच महिन्यांत मीं वर्गांत कीटकांचें रूपांतर शिकविलें होतें. फुलपांखराला अंडें, अळी, कोश व पूर्ण कीटक अशा चार अवस्था असतात. चतुराला कोशाची अवस्था नसते, अंड्यांतून निघालेलें पिलूं पाण्यांत वाढतें व शेवटची कात टाकून थेट चतुर होतें, हें मीं फळ्यावर बाणांसहित काढून दाखविलें होतें. परंतु पुस्तकांतील आकृतींत तें पिलूं स्वच्छ, एका बाजूनें काढलेलें व वीतभर लांब होतें. माझ्या हौदांतील पिलूं चिखलानें माखलेलें, अर्ध्या इंचाचें व जिवंत होतें. मीं आकृति ओळखली असती. प्राणी ओळखला नाहीं.

तरीहि माझा अभिमान सहजासहजीं मोडला नाहीं. मीं म्हटलें, "पण हे माशांचीं पिलें खातात, त्याचें काय?" तो म्हणाला, "खात्यात कीं. पर गप्पी बी आपलीच पिल्लं खाती, सर. आडोसा न्हाई ना कुठं. पाण्यात झाड लावा." त्यानें हौदाकडे बोट केलें. खरोखरच पाण्यांत एका कुमुदिनीवांचून कांहींच नव्हतें. पिलांना लपावयास जागाच मीं ठेविली नव्हती, आणि दोष दुसऱ्यालाच दिला होता.

त्यानें दोन मोठीं पिलें निवडून एका कांचेच्या बरणींत ठेविलीं, एक काडी तिरपी उभी केली व तोंडाला जाळीचें फडकें बांधलें. "खानं सोडलं कीं समजायचं," तो म्हणाला, "मग एक-दोन दिसांत रात्री न्हाईतर पहाटं वर येतंय." हें त्याला कोणत्या पुस्तकांत सांपडलें, असें मीं विचारलें नाहीं. धरणाच्या कांठीं जाळीं सोडवितांना त्यानें जें शेंकडों वेळां पाहिलें होतें, तेंच तो सांगत होता.

त्या आठवड्यांत मीं त्या बरणीसमोर बसून पुष्कळ गोष्टी प्रथमच पाहिल्या. पिलाच्या तोंडावरचें मुसकें म्हणजे त्याचा घडी घातलेला खालचा ओठ. डासाची अळी जवळ आली कीं, हा ओठ बाणासारखा पुढें सुटतो, टोंकाच्या आंकड्यांनीं तिला पकडतो, आणि डोळ्याचें पातें लवण्यापूर्वीं परत तोंडाशीं येतो. चतुराचें पिलूं श्वास घेतें तें शरीराच्या मागील टोंकानें. तेथें आंत त्याचे कल्ले असतात. पाणी आंत घ्यावयाचें व बाहेर सोडावयाचें, असा हा श्वास; आणि संकट आलें म्हणजे तेंच पाणी जोरानें मागें फेंकून तें पुढें झेंप घेतें. टाचणीचें पिलूं याहून सडपातळ. त्याच्या शेपटीला पानासारखे तीन कल्ले बाहेरच दिसतात. दोघांचेंहि पाण्यांतील आयुष्य जातीप्रमाणें कांहीं आठवड्यांपासून कांहीं वर्षांपर्यंत असतें, व त्या अवधींत तीं दहा-बारा वेळां कात टाकतात. हवेंतील आयुष्य बहुधा कांहीं आठवड्यांचेंच. ज्याला आपण चतुर म्हणतों, तो त्याच्या चरित्राचा केवळ शेवटचा अध्याय होय.

पांचव्या दिवशीं दोन्ही पिलांनीं खाणें सोडलें. मीं मुलाला शाळेंत तसें सांगितलें. दुसऱ्या दिवशीं पहाटे साडेचारला तो सायकलवरून आमच्या दारांत हजर झाला. एवढ्या पहाटे अंधारांतून कसा आलास, असें मीं विचारलें, तेव्हां तो म्हणाला कीं, जाळीं काढावयास ते रोज याच वेळीं उठतात. तेव्हां कोठें माझ्या ध्यानांत आलें कीं, हा मुलगा शाळेंत येतो तो सहा तास काम करून येतो. ही गोष्ट मीं दोन वर्षांत त्याला एकदांहि विचारली नव्हती.

मुलगी, तो व मी असे तिघे बरणीसमोर बसलों. एक पिलूं काडीवर चढून पाण्याबाहेर आलेलें होतें. त्याची पाठ फाटली. फटींतून प्रथम पाठीचा कुबड, मग डोकें, मग पाय बाहेर आले. नंतर तें उलटें लोंबकळत इतका वेळ स्वस्थ राहिलें कीं, मला वाटलें, मेलें. मुलगा हळूच म्हणाला, "पाय वाळू द्या त्याचं." थोड्या वेळानें त्यानें उसळी घेऊन आपलीच कात पायांनीं पकडली व उरलेली शेपटी बाहेर ओढून काढली. पंख त्या वेळीं चुरगळलेल्या ओल्या कागदासारखे होते. शरीरांतील द्रव त्यांत शिरूं लागला, आणि आमच्या डोळ्यांदेखत ते उलगडत गेले. सूर्य वर आला तेव्हां काडीवर एक फिकट, कांचेसारखा चतुर बसला होता आणि त्याच्या खालीं त्याची रिकामी कात जशीच्या तशी काडीला धरून राहिली होती.

दुसरें पिलूंहि वर आलें, परंतु त्याचा एक पंख उलगडला नाहीं. तें फरशीवरून उचललेल्यांपैकीं होतें. दोनदां तें काडीवरून पडलें व दुपारपर्यंत मेलें. माझी मुलगी कांहीं बोलली नाहीं. तिनें तें बोगनवेलीखालीं पुरलें. फरशीवरचीं बाकीचीं मीं त्याच रविवारीं केरसुणीनें झाडून टाकलीं होतीं.

तो नवा चतुर पुढें कोणत्या रंगाचा झाला, हें पाहिल्यावर मला आणखी एक नवल वाटलें. करडा, त्यावर काळे-पांढरे ठिपके. थेट जुन्या सिमेंटचा रंग. याचें शास्त्रीय नांव ब्रॅडिनोपायगा जेमिनाटा. हा खडकांवर, विहिरींच्या व हौदांच्या भिंतींवर अंग चिकटवून बसतो, आणि हौद-टांक्यांतील पाण्यांतच वाढतो. मग मीं हौदाची भिंत नीट न्याहाळली. तेथें तसले तीन चतुर बसलेले होते. तीन वर्षें मी रोज सकाळीं त्या भिंतीपाशीं उभा राहत होतों. लाल चतुर दिसला, पिवळी टाचणी दिसली. भिंतीच्या रंगाचा मात्र कधीं दिसला नाहीं.

त्या दुपारीं मीं मुलाला विचारलें, "तूं वर्गांत खिडकीबाहेर काय पाहत असतोस?" तो लाजला व म्हणाला कीं, पावसाळा संपतांना मैदानावर पिवळे चतुर हजारोंनीं येतात व कांहीं दिवसांनीं एकदम नाहींसे होतात, ते कोठें जातात हें त्याला कळत नाहीं.

हा प्रश्न पुष्कळ मोठ्या माणसांनाहि सुटला नव्हता. हा चतुर म्हणजे पँटाला फ्लॅवेसेन्स. मालदीव बेटांत गोड्या पाण्याचीं तळीं जवळजवळ नाहींत. तरी दर वर्षीं ऑक्टोबरच्या सुमारास तेथें हे चतुर असंख्य उतरतात. तेथें राहणारे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनीं अनेक वर्षांच्या नोंदी ठेवून २००९ सालीं असें अनुमान मांडलें कीं, हे चतुर भारतांतून वाऱ्याबरोबर समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेपर्यंत जातात, आणि पुढील पावसाळ्याच्या वाऱ्यांबरोबर त्यांची प्रजा परत येते. जाऊन येऊन हा प्रवास १४ ते १८ हजार किलोमीटरांचा भरतो. २०१२ सालीं पंखांतील हायड्रोजनची परीक्षा करून दुसऱ्या संशोधकांनीं दाखविलें कीं, मालदीवांत उतरणारे चतुर खरोखरच पुष्कळ उत्तरेकडे जन्मलेले असतात. एकच चतुर सारी फेरी पुरी करीत नाहीं. जो निघतो त्याचे नातू-पणतू परततात. हें मीं त्या मुलाला सांगितलें, तेव्हां तो म्हणाला, "म्हंजे त्यो पानी बघायला जातोय." खरेंच आहे. जेथें पाऊस, तेथें तळीं. जेथें तळीं, तेथें पिलें. त्या एका वाक्यांत त्या मुलानें प्रवासाचें कारण सांगून टाकलें.

पुढच्या रविवारीं मी सायकलनें धरणावर गेलों. मुलाचे वडील जाळें दुरुस्त करीत बसले होते. परीक्षा झाल्यावर मुलाला शाळेंतून काढून पुण्यास एका भोजनगृहांत कामाला लावावयाचें, असें त्यांनीं ठरविल्याचें मला तेथें कळलें. मीं त्यांना म्हटलें कीं, मुलाला काढूं नका. त्यांनीं माझ्याकडे न पाहतांच उत्तर दिलें, "गुरुजी, त्या दिशी तुमीच म्हनला, पोरगं शिकायचं न्हाई. आज तुमीच म्हनता, शिकवा. आमी कुठलं खरं धरायचं?"

याला मजपाशीं उत्तर नव्हतें. मीं म्हटलें, "त्या दिवशीं माझी चूक झाली. मीं तुमच्या मुलाला पाहिलेंच नव्हतें." ते बराच वेळ जाळ्याच्या गांठी मारीत राहिले. शेवटीं एवढेंच म्हणाले, "बघतो." परत येतांना चढाच्या रस्त्यावर मी सायकल हातीं धरून चालत होतों, आणि एखाद्या बापाला आपण एका वाक्यानें काय करावयास लावूं शकतों, याचा विचार करीत होतों.

जूनमध्यें शाळा उघडली तेव्हां तो मुलगा त्याच बाकावर बसलेला दिसला. पुढें तो फार हुशार निघाला, असें लिहून ही गोष्ट गोड करण्याची माझी इच्छा नाहीं. गणितांत तो कच्चाच राहिला. २०२४ सालीं शालान्त परीक्षा तो मध्यम गुणांनीं उत्तीर्ण झाला व त्यानें विज्ञान शाखेंत प्रवेश घेतला. मात्र शाळा सोडण्यापूर्वीं त्यानें आमच्या हौदावर व धरणावर दिसणाऱ्या चतुर-टाचण्यांची एक वही मला करून दिली. तींत एकोणीस प्रकारांचीं चित्रें आहेत. कोणत्याहि चित्राखालीं नांव नाहीं. परंतु तो कोठें बसतो, केव्हां दिसतो व काय खातो, हें प्रत्येकाखालीं लिहिलें आहे. हिरव्या-काळ्या पट्ट्यांच्या चतुराखालीं त्यानें लिहिलें आहे, "हा दुसऱ्या चतुरांना खातो." तेंहि खरें आहे. नांवें मीं शोधून काढलीं. इंग्रजी अमदानींत फ्रेझर नांवाच्या एका लष्करी डॉक्टरानें आपल्या नोकरीच्या धांवपळींत या देशांतील चतुर-टाचण्या हुडकून त्यांवर तीन जाडजूड खंड लिहिले. ते १९३३ ते १९३६ या काळांत प्रसिद्ध झाले. आणि काम अजून संपलेलें नाहीं. २०१९ सालीं आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यांतच टाचणीची एक अगदीं नवी जात सांपडली. तेव्हां, विद्यार्थिमित्रहो, शोध लावावयास परदेशीं जावें लागतें असें समजूं नका.

हौदाविषयींहि दोन शब्द सांगितले पाहिजेत. आम्हीं पाण्यांत बुडून वाढणारी वेल लाविली. आतां गप्पीचीं पिलेंहि जगतात आणि चतुराचींहि. डासाची अळी मला अद्याप दिसलेली नाहीं. या पिलांचा असा उपयोग दुसरीकडेहि करून पाहिला गेला आहे. ब्रह्मदेशांत यांगून शहरीं लोकांच्या घरांतील पाण्याच्या भांड्यांत लाल चतुराचीं पिलें सोडून डेंग्यूचे डास आटोक्यांत आणल्याचें वृत्त १९९० सालीं एका शोधनिबंधांत प्रसिद्ध झालें आहे. शेजारच्या आजींना मीं हें सांगितलें. त्यांनीं सर्व ऐकून घेतलें, कुंपणावरून हौदांत डोकावून पाहिलें व म्हणाल्या, "तरी रोज बघत जा." मी रोज बघतों. कारण उघड्या पिंपांत व टाकलेल्या टायरांत, जेथें मासे नाहींत व चतुरहि नाहींत, तेथें डास होतातच. म्हणून अशीं भांडीं झांकून किंवा पालथीं ठेवावींत. पाण्यावर औषध फवारण्यापूर्वीं मात्र त्यांत आणखी कोण राहतें, हें एकदां पाहावें.

पालकांस व माझ्या व्यवसायबंधूंस उपदेश करण्याचा अधिकार या गोष्टीनंतर मला उरला आहे असें मला वाटत नाहीं. त्या पहाटेची रिकामी कात मीं एका काड्यापेटींत घालून शाळेंतल्या माझ्या टेबलाच्या खणांत ठेविली आहे. तिची पाठ फाटलेली आहे, बाकी डोळे, पाय, मुसकें सर्व जसेंच्या तसें आहे. वर्षअखेरीस प्रगतिपुस्तकें लिहावयास बसलों म्हणजे मी ती पेटी बाहेर काढून समोर ठेवितों, आणि "लक्ष नाहीं" हा शेरा लिहिण्यापूर्वीं त्या मुलाला बोलावून विचारतों कीं, तुझें लक्ष कोठें आहे?